बर्फावरून समालोचन कक्षाकडे: एडी ओल्चिक यांच्याविषयी एक प्रश्न

प्रश्न (मध्यरेषा)

नमस्कार मंडळी. २०१७ साली मी शिकागोला राहायला आलो, तोपर्यंत आइस हॉकीचा एकही सामना मी पाहिलेला नव्हता. त्या पहिल्या हिवाळ्यात शेजाऱ्यांकडे ब्लॅकहॉक्स या शिकागोच्या संघाचे सामने पाहायला बसू लागलो, तेव्हा कित्येक दिवस मला चेंडूच्या जागी असलेली ती रबरी चकती दिसतच नसे. भोवतालच्या लोकांनी हात उंचावले की गोल झाला, एवढेच कळायचे. पुढे हा खेळ मला समजू लागला तो एडी ओल्चिक यांच्या समालोचनामुळे.

एक प्रसंग अजून जसाच्या तसा आठवतो. गोल झाला, जल्लोष झाला आणि दृश्य पुन्हा दाखवले गेले. गोल कसा मारला याचे वर्णन होईल, अशी माझी अपेक्षा होती. ओल्चिक यांनी मात्र गोलाच्या चार-पाच सेकंद आधीचे चित्र थांबवले आणि निळ्या रेषेजवळ उभ्या असलेल्या एका बचावपटूच्या पायांभोवती वर्तुळ काढले. त्याच्या स्केट्सची टोके रिंकच्या, म्हणजे बर्फाच्या मैदानाच्या, कडेच्या फळ्यांकडे वळलेली होती. पाय तिकडे वळले म्हणजे मन तिकडे गेले, आणि मन तिकडे गेले त्या क्षणी मधली जागा मोकळी झाली, असा त्यांच्या बोलण्याचा मथितार्थ होता. त्या दिवसापासून मी चकतीऐवजी खेळाडूंचे पाय पाहू लागलो आणि चकती आपोआप दिसू लागली.

नंतर कळले की ते स्वतः नॅशनल हॉकी लीग या उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये १६ हंगाम खेळले आणि १,०३१ सामन्यांत त्यांनी ३४२ गोल केले. मला जाणकारांना विचारायचे आहे ते असे: ही दृष्टी खेळण्यातून येते की ती निराळी विद्या आहे? हजारो खेळाडू निवृत्त होतात, त्यांतले पुष्कळ जण ध्वनिक्षेपकासमोर बसूनही पाहतात, पण ऐकणाऱ्याला काही शिकवून जाणारे फार थोडे निघतात. ओल्चिक यांच्या कारकिर्दीत असे काय होते, ज्यातून असा समालोचक घडला? शिवाय मध्यंतरी ते प्रशिक्षक होते, असेही वाचले. तो अध्याय इतक्या लवकर का संपला?

प्रतिसाद (लालदिवा)

मध्यरेषा, प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

ओल्चिक यांचा जन्म शिकागोतला, १६ ऑगस्ट १९६६ चा. फेब्रुवारी १९८४ मध्ये सारायेव्होच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये ते अमेरिकेकडून खेळले, तेव्हा त्यांचे वय १७ वर्षांचे होते. त्याच वर्षीच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या प्रक्रियेत, पहिली निवड मारिओ लेमिउ यांची झाली, दुसरी कर्क म्युलर यांची आणि तिसरी ओल्चिक यांची. ती केली त्यांच्याच गावच्या ब्लॅकहॉक्सने. म्हणजे ज्या संघाचे सामने पाहत मुलगा वाढला, त्याच संघाची लाल जर्सी त्याच्या अंगावर वयाच्या अठराव्या वर्षी आली. पहिल्याच हंगामात त्याने २० गोल केले.

अशी सुरुवात झालेल्या खेळाडूची पुढची गोष्ट सरळ रेषेत जाईल, असे कोणालाही वाटेल. तसे झाले नाही. १९८७ मध्ये ब्लॅकहॉक्सने त्यांना टोरांटो मेपल लीफ्सकडे धाडले. तिथे त्यांची सर्वोत्तम वर्षे गेली: १९८७-८८ मध्ये ४२ गोल आणि पुढच्या हंगामात गोल व साहाय्य मिळून ९० गुण. तरीही नोव्हेंबर १९९० मध्ये पुन्हा अदलाबदल झाली आणि ते विनिपेग जेट्सकडे गेले. डिसेंबर १९९२ मध्ये विनिपेगने त्यांना न्यूयॉर्क रेंजर्सना देऊन बदल्यात टाय डोमी आणि क्रिस किंग हे दोन खेळाडू घेतले. पुढे पुन्हा विनिपेग, मग लॉस एंजेलिस किंग्ज, मग पिट्सबर्ग पेंग्विन्स, आणि शेवटी २००० साली निवृत्तीपूर्वी पुन्हा शिकागो. सहा शहरे, सहा संघ आणि प्रत्येक ठिकाणी वेगळी शिस्त, वेगळे प्रशिक्षक, खेळाची वेगळी मांडणी. ज्याला वारंवार नव्या घरात जाऊन तिथली रीत शिकावी लागते, त्याला ती रीत शब्दांत मांडायची सवय लागते, असे मला मनापासून वाटते.

पण आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर माझ्या मते १९९४ च्या वसंतात आहे. रेंजर्सनी त्या वर्षी स्टॅनले कप, म्हणजे लीगचा विजेतेपदाचा चषक, जिंकला आणि १९४० पासूनची ५४ वर्षांची प्रतीक्षा संपवली. ओल्चिक त्या संघात होते, परंतु त्या हंगामात त्यांना साखळीतले ३७ सामने मिळाले आणि प्लेऑफमधला, म्हणजे साखळीनंतरच्या बाद फेऱ्यांमधला, अवघा एक. उरलेले दोन महिने ते राखीव खेळाडूंबरोबर होते. हॉकीत अशा राखीवांना ‘ब्लॅक एसेस’ म्हणतात: ते रोज सराव करतात, पण सामन्याच्या रात्री साध्या कपड्यांत वरून खेळ पाहतात. पाच वर्षांपूर्वी ९० गुण मिळवलेला माणूस, वय जेमतेम २७, आणि त्याला रोज रात्री आपल्याच संघाचे सामने उंचावरून पाहावे लागतात. वरून पाहताना रिंक नकाशासारखी दिसते. बर्फावर उभे असताना जी माणसे एकमेकांआड लपतात, ती सगळी वरून एकाच वेळी डोळ्यांपुढे येतात. खेळात मन पूर्ण गुंतलेले आणि हाताला काम नाही, या अवस्थेत माणूस जे पाहतो, ते खेळताना कधीच पाहू शकत नाही.

चषकावर नाव कोरण्यासाठी त्या काळी साखळीतले ४० सामने किंवा अंतिम फेरीतला एक सामना खेळलेला असणे आवश्यक होते. त्यामुळे ओल्चिक आणि माइक हार्टमन या दोघांची नावे आरंभी वगळली गेली. ही दोघे संपूर्ण हंगाम संघाबरोबर होती हे लक्षात घेऊन नंतर ती कोरली गेली, आणि ते योग्यच झाले.

प्रशिक्षकपदाविषयी: निवृत्तीनंतर २००० पासून ते पिट्सबर्गच्या सामन्यांचे दूरचित्रवाणीवर विश्लेषण करत होते. तिथून २००३ मध्ये, प्रशिक्षणाचा पूर्वानुभव नसताना, पेंग्विन्सनी त्यांना थेट मुख्य प्रशिक्षक केले. त्या संघाचे मालक आणि खेळाडू दोन्ही होते मारिओ लेमिउ, म्हणजे १९८४ च्या ड्राफ्टमधली तीच पहिली निवड! संघाजवळ पैसा नव्हता, खेळाडू कोवळे होते; २००३-०४ मध्ये पेंग्विन्स ३० संघांत तळाला राहिले. पुढचा संपूर्ण हंगाम संघमालक आणि खेळाडू यांच्यातल्या वादातून झालेल्या टाळेबंदीत बुडाला. त्यानंतर सिडनी क्रॉस्बी हे गुणी तरुण खेळाडू संघात आले आणि अपेक्षा एकदम गगनाला भिडल्या, पण पहिल्या ३१ सामन्यांत ८ विजय मिळाल्यावर १५ डिसेंबर २००५ रोजी ओल्चिक यांना पदावरून दूर करण्यात आले. हे अपयश त्यांच्या एकट्याच्या माथी मारणे मला अन्यायाचे वाटते. पुढच्याच वर्षी ते शिकागोला परतले आणि पुन्हा ध्वनिक्षेपकासमोर बसले.

प्रतिसाद (चौथी फळी)

लालदिवा यांचे विवेचन आवडले, पण त्यातल्या मुख्य मुद्द्याशी मी पूर्ण सहमत नाही. बाकावर बसलेले खेळाडू असंख्य आहेत. तेवढ्याने विश्लेषक घडत असता तर प्रत्येक संघाचा तेरावा आघाडीपटू उत्तम समालोचक झाला असता. पाहणे ही निम्मी गोष्ट आहे. पाहिलेले आठ-दहा सेकंदांत सांगणे ही दुसरी निम्मी, आणि ती कष्टाने कमवावी लागते.

आइस हॉकीचा वेग लक्षात घ्या. रिंक २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद. खेळाडूंच्या फळ्या, म्हणजे एकत्र खेळायला उतरणारे गट, साधारण पाऊण मिनिटाला बदलतात, तेही खेळ चालू असतानाच. मुख्य समालोचक सतत बोलत असतो, कारण चकती सतत फिरत असते. विश्लेषकाला मोकळी जागा मिळते ती पंचांची शिट्टी वाजल्यावर, आणि चकती पुन्हा बर्फावर पडेपर्यंतच. तेवढ्या फटीत त्याने नेमके दृश्य निवडायचे, ते मागे न्यायला सांगायचे, पडद्यावर रेघ ओढायची, कारण सांगायचे आणि सहकाऱ्याच्या पहिल्या शब्दाआधी गप्प व्हायचे. ओल्चिक यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय प्रक्षेपणात मुख्य समालोचक माइक एमरिक यांच्याबरोबर वर्षानुवर्षे काम केले. एमरिक यांचा शब्दांचा ओघ धबधब्यासारखा. त्याच्या शेजारी बसून आपले वाक्य कधीही न अडखळता बसवणे, हे मला त्यांच्या गोलांहून मोठे वाटते.

पडद्यावर रेघा ओढून खेळ शिकवण्याची ही परंपरा हाऊई मीकर यांच्यापासूनची आहे. मीकर टोरांटोचे खेळाडू होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लष्करी प्रशिक्षणात हातबॉम्ब फुटून ते जबर जखमी झाले होते, आणि तरीही परत येऊन त्यांनी ८ जानेवारी १९४७ रोजी, पहिल्याच हंगामात, एका सामन्यात ५ गोल केले. टोरांटोकडून त्यांनी ४ स्टॅनले कप जिंकले. १९७० च्या दशकात कॅनडाच्या दूरचित्रवाणीवर ते उंच, उत्तेजित आवाजात चित्र थांबवायला आणि मागे न्यायला सांगत, आणि खेळाडूच्या हातून झालेली चूक शिक्षकाच्या कळकळीने दाखवून देत. त्याआधी माजी खेळाडूने समालोचनात बहुधा आठवणी सांगाव्यात, अशी रीत होती. मीकर यांनी समालोचनाचा वर्ग केला. ओल्चिक यांनी बचावपटूच्या पायांभोवती काढलेले वर्तुळ त्याच फळ्यावरचे आहे.

एक प्रसंग सांगतो, म्हणजे माझे म्हणणे स्पष्ट होईल. ९ जून २०१०, फिलाडेल्फिया, स्टॅनले कपच्या अंतिम फेरीचा सहावा सामना. ३-३ अशी बरोबरी, जादा वेळेचा खेळ सुरू. ब्लॅकहॉक्सचे पॅट्रिक केन डावीकडून अतिशय अरुंद कोनातून चकती मारतात, आणि ती दिसेनाशी होते. गोल झाल्याची खूण असलेला लाल दिवा लागत नाही, पंच हात दाखवत नाहीत, वीस हजारांच्या आसपास प्रेक्षक गप्प. फक्त केन हातमोजे भिरकावून रिंकच्या दुसऱ्या टोकाला निघालेले. चकती जाळ्याच्या तळाशी असलेल्या पट्टीखाली जाऊन अडकली होती. ब्लॅकहॉक्सनी ४९ वर्षांनी चषक जिंकला होता आणि मैदानातल्या बहुतेकांना ते ठाऊकच नव्हते. त्या प्रक्षेपणात एमरिक आणि ओल्चिक होते. अशा वेळी चुकीचे वाक्य एकदा तोंडून गेले की ते इतिहासात राहते. दृश्ये येईपर्यंत धीर धरायचा, समोर जे निश्चित दिसते तेवढेच बोलायचे, आणि त्यात स्वतःच्या गावाचा संघ जिंकतो आहे हे आवाजात उतरू द्यायचे नाही: हे कसब कुठल्याही बाकावर बसून येत नाही.

प्रतिसाद (निळी रेषा)

दोघांच्याही मुद्द्यांत तथ्य आहे. मी फक्त एक पुरवणी जोडते. १९९४ ची ती राखीव रांग, किंवा एकूणच पुरुषांच्या लीगमधला अनुभव, ही एकच वाट नाही. कॅसी कॅम्पबेल-पास्काल यांनी कॅनडाच्या महिला संघाच्या कर्णधार म्हणून २००२ आणि २००६ ची ऑलिंपिक सुवर्णपदके जिंकली. १४ ऑक्टोबर २००६ रोजी विश्लेषक हॅरी नील बफेलोमध्ये हिमवादळात अडकले आणि त्यांच्या जागी ऐन वेळी कॅसी बसल्या. ‘हॉकी नाइट इन कॅनडा’ या कार्यक्रमाच्या इतिहासात सामन्याचे विश्लेषण करणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. संधी वादळाने दिली, पण त्यानंतर अनेक वर्षे तिथे टिकून राहणे त्यांच्या अभ्यासाचे फळ होते.

विश्लेषकाच्या जागेविषयीही थोडे सांगायला हवे, कारण ते या चर्चेत आलेले नाही. पूर्वी विश्लेषक वर कक्षात बसत. २००५ च्या सुमारास अमेरिकी प्रक्षेपणात एक विश्लेषक दोन्ही संघांच्या बाकांमधल्या अरुंद जागेत उभा राहू लागला. तिथे समोर काच नसते. गोठलेल्या रबराची, तीन इंच व्यासाची आणि सहा औंसांच्या आसपास वजनाची चकती कानाजवळून जाते. रे फेरारो या जागेचे माझ्या मते सर्वांत समर्थ मानकरी आहेत. १,२५८ सामन्यांत ४०८ गोल केलेला हा खेळाडू तिथे उभा राहून प्रशिक्षक कोणावर ओरडला, कोणती फळी दोनदा डावलली गेली, कोणाचा श्वास अजून बसलेला नाही, हे सांगतो. ओल्चिक बहुतेक वेळा वरच्या कक्षातून बोलतात. फेरारो माणसे दाखवतात आणि ओल्चिक रचना दाखवतात. लालदिवा म्हणतात तो उंचावरून पाहिलेला नकाशा इथे मला पटतो.

प्रतिसाद (मध्यरेषा)

तिघांचेही मनापासून आभार. निळी रेषा यांचे शेवटचे वाक्य वाचून मी मुद्दाम दोघांचे जुने सामने एकामागून एक ऐकले, आणि फरक खरोखर तसाच जाणवला.

आणखी एक गोष्ट विचारावीशी वाटते. मी आलो त्या पहिल्या हंगामात ओल्चिक काही सामन्यांना असत आणि काहींना नसत. तेव्हा मला वाटले की दोन वाहिन्यांवरच्या कामामुळे असे होत असावे. नंतर आजाराविषयी कळले. त्याबद्दल कोणी नेमके सांगू शकेल का?

प्रतिसाद (साइडलाइन)

हे मी सांगते, कारण ते सगळे मी माझ्या वडिलांच्या खोलीत बसून पाहिले आहे.

ऑगस्ट २०१७ मध्ये ओल्चिक यांना मोठ्या आतड्याचा कर्करोग असल्याचे जाहीर झाले. आजार तिसऱ्या टप्प्यातला होता. शस्त्रक्रिया झाली आणि मग अनेक महिने केमोथेरपी चालली. आपण त्यांना अधूनमधून ऐकत होता, ते या उपचारांच्या मधल्या दिवसांत, जेव्हा अंगात बसून बोलण्याइतके बळ असे तेव्हा. मार्च २०१८ मध्ये त्यांनी आपण कर्करोगमुक्त झाल्याचे सांगितले.

माझ्या वडिलांवर त्याच हिवाळ्यात तसेच उपचार चालू होते. केमोनंतरच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्यांना पाण्याचा घोटही नकोसा होई आणि बोलायचे म्हटले तरी धाप लागे. अशा एका संध्याकाळी सामना लावला आणि ओल्चिक यांचा आवाज आला. आवाज थोडा खोल गेलेला, पण वाक्ये नेहमीसारखीच रोखठोक. पॉवर प्लेमध्ये, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांचा खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असताना, उजवा खेळाडू चुकीच्या जागी उभा आहे, याविषयी ते तळमळीने बोलत होते. वडिलांना हॉकीतले फारसे कळत नव्हते. त्यांनी उशी पाठीशी घेतली आणि तिन्ही सत्रे संपेपर्यंत बसून पाहिले. त्या महिन्यात ते सलग इतका वेळ बसले असे दुसऱ्यांदा घडले नाही.

बरे झाल्यावर ओल्चिक यांनी कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी) टाळू नका, हे जिथे संधी मिळेल तिथे सांगितले. निदान झाले तेव्हा ते ५१ व्या वर्षाच्या उंबरठ्यावर होते. अमेरिकेत २०२१ पासून साधारण जोखमीच्या लोकांनी ही तपासणी ५० ऐवजी ४५ व्या वर्षी सुरू करावी, अशी शिफारस आहे. ते सांगत होते म्हणून माझ्या भावाने तपासणी करून घेतली. डॉक्टरांनी सांगून तो वर्षभर टाळत होता.

प्रतिसाद (लालदिवा)

साइडलाइन, हे लिहिल्याबद्दल आपले ऋण मानतो. वडिलांना माझा नमस्कार सांगा.

चौथी फळी यांचा आक्षेप मला मान्य आहे. मी ‘बाकावर बसणे’ हे कारण म्हणून मांडले, ते अपुरे होते. दोन वेगवेगळ्या अनुभवांचा सांधा जुळला असे म्हणणे अधिक बरोबर होईल: ९० गुणांच्या हंगामात त्यांनी खेळ आतून जाणला, १९९४ मध्ये तो वरून पाहिला, आणि पिट्सबर्गच्या ११३ सामन्यांत प्रशिक्षक म्हणून हरणाऱ्या संघाला तो रोज समजावून सांगितला. यातला तिसरा टप्पा लोक विसरतात. ज्या माणसाने पराभवानंतर वीस-बावीस तरुण मुलांसमोर उभे राहून चित्रफीत थांबवून चूक दाखवली आहे, त्याच्या बोलण्यात खेळाडूविषयी उपहास येत नाही. ओल्चिक चूक दाखवतात तेव्हा आधी त्या खेळाडूला काय दिसत होते हे सांगतात आणि मग काय सुटले ते सांगतात. मध्यरेषा, आपल्या त्या बचावपटूच्या बाबतीतही तो फळ्यांकडे का वळला असावा, हे त्यांनी सांगितले असणार. आठवून पाहा.

पुढचे थोडक्यात. २०१२ मध्ये त्यांचा अमेरिकेच्या हॉकी हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला. एमरिक २०२० मध्ये निवृत्त झाले. २०२१ मध्ये राष्ट्रीय प्रक्षेपणाचे हक्क दुसऱ्या वाहिन्यांकडे गेल्यावर ओल्चिक टीएनटी वाहिनीवर समालोचक केनी अल्बर्ट यांच्याबरोबर काम करू लागले. २०२२ च्या उन्हाळ्यात त्यांनी ब्लॅकहॉक्सचे समालोचन सोडले आणि ते सिअॅटल क्रॅकनच्या सामन्यांकडे गेले. तिथे त्यांचे भाऊ रिक तेव्हा संघाच्या व्यवस्थापनात होते आणि शेजारी बसायला जॉन फोर्सलंड यांच्यासारखा जाणता समालोचक होता. शिकागोच्या आमच्यासारख्या प्रेक्षकांना ते जाणे फार लागले. ज्या गावाने त्यांना १९८७ मध्ये एकदा दूर धाडले होते, त्या गावातून ते या वेळी आपल्या इच्छेने गेले.

प्रतिसाद (मध्यरेषा)

आठवले. कडेला गेलेल्या चकतीमागे प्रतिस्पर्ध्यांचा सर्वांत वेगवान खेळाडू निघाला होता, आणि आदल्या सत्रात त्यानेच या बचावपटूला चकवून गोल केला होता. ओल्चिक यांनी आधी तो गोल दाखवला होता आणि मग पायांभोवती वर्तुळ काढले होते. इतक्या वर्षांत मला वर्तुळ तेवढे आठवत राहिले.